दुकानातले जुने कॉम्प्युटर देण्याआधी: हार्ड डिस्क फॉरमॅट करण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका बाजारगावात बसस्टँडजवळ झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन अर्जांचं एक दुकान आहे. नवरा-बायको मिळून चालवतात. दादांकडे डीटीपी: लग्नपत्रिका, गणेशोत्सवाची पावतीपुस्तकं, देवळाच्या वास्तुशांतीचे फलक, मराठीत आणि कन्नडमध्येही. वहिनी काउंटरवर: उतारा काढून देणं, जात-उत्पन्नाच्या दाखल्यांचे अर्ज, शिष्यवृत्ती, पॅन कार्ड. 2023 मध्ये कर्नाटक सरकारची गृहलक्ष्मी योजना (घरच्या कर्त्या बाईला दरमहा पैसे देणारी) आली तेव्हा आधार, रेशन कार्ड आणि पासबुक स्कॅन करून घ्यायला दुकानासमोर सकाळपासून बायकांची रांग लागायची. मी बेळगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. या दुकानातली मशिनं वर्षानुवर्षं माझ्याकडे येतात. दोघांच्या परवानगीने हे लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. दुकानातली मशिनं तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरची. विंडोज 11 ला आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे ती चढवता येण्यातली नव्हती. दिवसभर सरकारी पोर्टलवर लॉगिन करणाऱ्या दुकानाने अपडेट नसलेलं विंडोज वापरत राहणं धोक्याचं, म्हणून दोन नवी मशिनं आली. मग जुन्या चारांचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला.

दादांच्या डीटीपीच्या मशिनमध्ये 500 जीबीची हार्ड डिस्क होती, तिचे सी, डी, ई असे तीन भाग. वहिनींच्या काउंटरच्या मशिनमध्ये 240 जीबीची एसएसडी (फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) आणि जोडीला 1 टीबीची हार्ड डिस्क. तिसरं मशिन हिशेबाचं, त्यात टॅली. चौथं बंद पडून माळ्यावर टाकलेलं, त्यातल्या 320 जीबी डिस्कमधून टकटक आवाज यायचा. पहिली दोन जांबोटी पट्ट्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेला द्यायची, तिसरं बेळगावच्या जुन्या मशिनच्या व्यापाऱ्याला विकायचं आणि चौथं भंगारात घालायचं, असं ठरलं होतं.

घोटाळा कुठे झाला

दिवाळीच्या सुट्टीत दादांचा भाचा आला होता. डिप्लोमाला आहे, हुशार आहे, मदतीला तत्पर आहे. शाळेसाठी मशिन तयार करायला त्याने डीटीपीचं मशिन घेतलं. सुरू करण्याआधी त्याने विचारलं, "मामा, सगळं कॉपी केलंय नव्हं?" दादा म्हणाले, "केलंय की रे." खरं तर कॉपी झालं होतं ते डेस्कटॉप आणि ई ड्राइव्ह. डी ड्राइव्हमध्ये "जुनी कामं" नावाचा फोल्डर होता. त्यात गेल्या कित्येक वर्षांच्या पत्रिका, बोधचिन्हं आणि पावतीपुस्तकांचे साचे होते. भाच्याने डी ड्राइव्हवर क्विक फॉरमॅट मारला आणि शाळेतल्या मुलांसाठी आणलेले 6 जीबीचे व्हिडिओ त्यावर टाकले. सी ड्राइव्ह त्याने शेवटी करायचा म्हणून ठेवला होता. ते नशीब, कारण पुढे त्याचाच आधार झाला.

दुसऱ्या दिवशी एक जुनं गिऱ्हाईक आलं, मोठ्या मुलीच्या पत्रिकेसारखीच धाकटीची हवी होती. तेव्हा उलगडा झाला. फोनवर मी एवढंच सांगितलं: मशिन बंद करा, परत चालू करू नका, काही टाकू नका, कुठलं रिकव्हरी सॉफ्टवेअर डाउनलोड करू नका. फॉरमॅट झालेल्या डिस्कवर नंतर जे लिहिलं जातं, त्यानेच डेटा खऱ्या अर्थाने जातो. घाबरून त्याच मशिनवर, त्याच डिस्कवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चढवणारी माणसं मी नेहमी बघतो. जे परत मिळालं असतं, ते या घाईने जातं.

क्विक फॉरमॅट नेमकं काय करतो

हे समजल्याशिवाय पुढचे निर्णय समजणार नाहीत. विंडोज सहसा वापरतं त्या एनटीएफएस पद्धतीच्या ड्राइव्हवर प्रत्येक फाइलची नोंद एका तक्त्यात असते: नाव, तारीख, आणि फाइलचे तुकडे डिस्कवर कुठे आहेत. क्विक फॉरमॅट जुन्या तक्त्याच्या जागी नवा कोरा तक्ता मांडतो आणि थांबतो. फाइलचा मजकूर जिथे होता तिथेच राहतो. म्हणून 500 जीबीचा ड्राइव्ह काही सेकंदांत "रिकामा" होतो. तेवढ्या वेळात 500 जीबी पुसून होणं शक्यच नाही. एखादी फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामी केली तरी साध्या हार्ड डिस्कवर हेच होतं. तक्त्यात नोंद मोकळी झाल्याची खूण होते, मजकूर पडून राहतो.

फुल फॉरमॅटची गोष्ट वेगळी. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सर्व आवृत्त्यांत फुल फॉरमॅट त्या भागावर सगळीकडे शून्यं लिहितो. एक्सपीच्या काळात तो फक्त खराब सेक्टर (डिस्कवरचे बारीक कप्पे) तपासायचा, मजकूर पुसायचा नाही. "फुल केला तरी डेटा निघतो" असं सांगणारे जुने जाणकार त्या काळचं सांगत असतात.

परत काढताना काय दिसलं

इथे पहिला निर्णय होता. डिस्कवर थेट काम करायचं की आधी तिची नक्कल घ्यायची? दादांना घाई होती, पण मी नक्कल घेण्यावर अडून राहिलो. डिस्क बाहेर काढली, लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून जीएनयू डीडीरेस्क्यू वापरून तिची सेक्टर-सेक्टरनिशी प्रतिमा एका नव्या 1 टीबी एक्स्टर्नल डिस्कवर उतरवली आणि मूळ डिस्क बाजूला ठेवली. मग प्रतिमेवर फोटोरेक चालवलं. हे मोफत सॉफ्टवेअर तक्त्याकडे बघतच नाही. जेपेग फाइल ठरावीक बाइटनी सुरू होते, पीडीएफ फाइल टक्क्याच्या चिन्हाने आणि पीडीएफ या तीन अक्षरांनी. अशा ओळखीच्या खुणा ते अख्ख्या डिस्कवर शोधत जातं. त्यामुळे फाइल मिळते, पण तिचं नाव आणि फोल्डर मिळत नाही. एफ अक्षर आणि पुढे आकडे, एवढंच नाव. तुकड्यांत विखुरलेली फाइल बऱ्याचदा मोडकी निघते.

पत्रिका ज्यात बनवतात त्या कोरल ड्रॉच्या फायली निघू लागल्या तसा दादांचा चेहरा उजळला. त्यांच्यामागून फोटो आणि पीडीएफ निघाले, आणि वहिनी खुर्ची ओढून पुढे आल्या. पडद्यावर लहान लहान चित्रांची ओळ: आधार कार्डाच्या दोन्ही बाजू, पासबुकाचं पहिलं पान, रेशन कार्डावरचा कुटुंबाचा फोटो, जमिनीचं खरेदीखत आणि त्यावर अंगठ्याचे निळे ठसे. काउंटरसाठी वेगळं मशिन येण्याआधी अर्जांचं सगळं काम याच मशिनवर होत असे. वहिनींनी एका चित्रावर बोट ठेवलं. "ह्या आमच्या मागच्या गल्लीतल्या काकू. वारल्यात त्या." मग जरा थांबून म्हणाल्या, "रोज संध्याकाळी मी डिलीट करत होते की हे सगळं!"

त्या खरंच करत होत्या. दुकान बंद करताना स्कॅनचा फोल्डर रिकामा करायचा, असा त्यांचा नेम होता. नुसतं दादांचं काम वाचवायला आम्ही बसलो होतो, पण आता दिसलं की हीच डिस्क आणखी दोन दिवसांत शाळेत पोचली असती, आणि तिच्यावर पंचक्रोशीतल्या माणसांची कागदपत्रं असती. शाळेतल्या कुणी ती काढली असती असं मला म्हणायचं नाही. पण शाळेतून ते मशिन पुढे भंगारवाल्याकडे जातं, आणि तिथून पुढे कुणाकडे जातं हे कुणालाच माहीत नसतं. अशा दुकानाच्या डिस्कवर दुकानदाराचं स्वतःचं थोडं असतं आणि गावाचं पुष्कळ असतं. गावाने ते विश्वासाने दिलेलं असतं, म्हणून या कामात मी हयगय चालवून घेत नाही.

खरेदीखतावरच्या ठशांची मला विशेष काळजी वाटली. आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा यांवर बँक खात्यातून पैसे काढता येतात. जमिनीच्या नोंदणीनंतर असे पैसे गेल्याच्या तक्रारी 2023 मध्ये कर्नाटकातही झाल्या होत्या, आणि कागदावरच्या ठशाची नक्कल करून हे होत असल्याचं तेव्हा समोर आलं होतं.

विचारात घेतलेले पर्याय

चारी डिस्क हातोड्याने फोडून टाकाव्यात, हा दादांचा पहिला उद्गार. शाळेला मग बिनडिस्कची मशिनं द्यावी लागली असती आणि नव्या डिस्कचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न आला असता. शिवाय चांगल्या डिस्क फोडण्यात अर्थ नाही.

विंडोजच्या रीसेटमध्ये "सगळं काढून टाका" निवडून ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय चालू करणं, हा सोपा मार्ग. एकच डिस्क असलेल्या घरगुती मशिनला मी तो सांगतो. इथे मात्र पुढे विंडोज ठेवायचंच नव्हतं आणि काउंटरच्या मशिनमध्ये दोन डिस्क होत्या, म्हणून तो बाजूला ठेवला.

भाच्याने इंटरनेटवर वाचलं होतं की डिस्क 35 वेळा पुसावी लागते. हा आकडा पीटर गटमन यांच्या 1996 च्या शोधनिबंधातून आलेला आहे आणि तो त्या काळच्या डिस्कवर माहिती साठवण्याच्या निरनिराळ्या पद्धतींसाठी होता. आजच्या हार्ड डिस्कवर एकदाच सगळीकडे शून्यं लिहिणं पुरतं. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेची 800-88 ही मार्गदर्शिकाही हेच सांगते. 500 जीबीची डिस्क एकदा पुसायला साधारण दोन तास लागतात. 35 वेळा म्हणजे जवळजवळ तीन दिवस मशिन अडकलं असतं, आणि मिळालं काहीच नसतं. एवढा वेळ लागतो म्हटल्यावर माणूस कंटाळून क्विक फॉरमॅटवर येतो, हा या समजुतीचा खरा तोटा.

शेवटी प्रत्येक डिस्कचा वेगळा विचार केला. चालू हार्ड डिस्क अख्ख्या शून्याने पुसायच्या. एसएसडी तिच्या स्वतःच्या आज्ञेने पुसायची. टकटक करणारी फोडायची.

आधी थांबणं

पुसण्याआधी नव्या मशिनवर दोन आठवडे काम करायचं आणि तोवर जुन्या डिस्कना हात लावायचा नाही, असं मी सुचवलं. दादांना ते पटत नव्हतं. शाळेचे गुरुजी फोन करत होते. पण या दोन आठवड्यांत जे बाहेर आलं त्यावरून मी आता प्रत्येकाला हेच सांगतो.

तिसऱ्याच दिवशी वाचवलेली एक पत्रिका नव्या मशिनवर उघडली तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. ही पत्रिका श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये होती. युनिकोडच्या (सगळ्या भाषांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये "श्री" हे अक्षर कॉम्प्युटरच्या लेखी "श्री" नसतंच. ते इंग्रजीतलं एखादं चिन्ह असतं आणि फॉन्ट त्याला "श्री"चं रूप देतो. फॉन्ट गेला की फाइल शाबूत असूनही मजकूर वाचता येत नाही. दादांच्या कन्नड कामातही नुडीच्या जुन्या फॉन्टचं तेच. हे सगळे फॉन्ट जुन्या सी ड्राइव्हवर विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये होते. सी ड्राइव्ह भाच्याने शेवटी ठेवला नसता, तर परत मिळालेल्या शेकडो फायली वाचताच आल्या नसत्या. फॉन्ट उचलले, श्रीलिपीचा यूएसबी डाँगल नव्या मशिनला लावून बघितला आणि प्रत्येक जुन्या फॉन्टची एकेक फाइल उघडून खात्री केली.

हिशेबाच्या मशिनवर टॅलीचा डेटा डी ड्राइव्हवर असेल असं दादांना वाटत होतं. तो होता सी ड्राइव्हच्या यूझर्स आणि त्याखालच्या पब्लिक फोल्डरमध्ये, जिथे टॅली तो आपणहून ठेवतं. काउंटरच्या मशिनवर वहिनींचे कित्येक पोर्टलचे पासवर्ड ब्राउझरमध्येच होते, कागदावर एकही नाही. ते उतरवून घेतले. दुकानाचं व्हॉट्सॲपही तिथे चालू होतं. फोनच्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये जाऊन ते बंद केलं, आणि ब्राउझरमधल्या ईमेल खात्यांतूनही बाहेर पडलो.

कॉपी झाली की नाही, हे फोल्डरचा आकार बघून ठरवू नये. फायली दुसऱ्या मशिनवर उघडून बघाव्यात. तेच आम्ही केलं.

प्रत्यक्ष पुसताना

चूक होण्याची सगळ्यात मोठी जागा म्हणजे भलतीच डिस्क निवडणं. इथे ती अगदी समोर उभी होती. काउंटरच्या मशिनमधली हार्ड डिस्क 1 टीबीची आणि वाचवलेला डेटा ठेवलेली एक्स्टर्नल डिस्कही 1 टीबीची. डिस्कपार्टमध्ये (विंडोजमधलं, आज्ञा टाइप करून डिस्क हाताळण्याचं साधन) "लिस्ट डिस्क" दिल्यावर दोन्ही 931 जीबी दिसतात, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या. कोणता आकडा कोणत्या डिस्कचा हे नुसतं बघून सांगता येत नाही. मशिनमध्ये एखादी केबल बदलली, पेन ड्राइव्ह लावला की क्रमांकही बदलतात. कालची "डिस्क 1" आज तीच असेलच असं नाही.

म्हणून वाचवलेल्या डेटाची डिस्क आधी काढली आणि दादांनी ती घरी नेऊन ठेवली. नुसती यूएसबी काढून टेबलावर ठेवणं मला मान्य नव्हतं. मग मशिनचं झाकण उघडून जी डिस्क पुसायची तेवढीच जोडलेली ठेवली, बाकीच्यांच्या सॅटा केबल काढल्या. विंडोज स्वतः ज्या डिस्कवर चालू आहे ती त्याला पुसता येत नाही, म्हणून विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून मशिन सुरू केलं आणि शिफ्ट आणि एफ10 दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडला. इथे एक ध्यानात ठेवायचं: पेन ड्राइव्हवरून सुरू केल्यावर ड्राइव्हची अक्षरं बदलू शकतात, नेहमीचा सी इथे डी दिसू शकतो. अक्षरावर विसंबून काही करू नये. "सिलेक्ट डिस्क" दिलं, मग "डिटेल डिस्क". त्यात आलेलं मॉडेल मी मोठ्याने वाचलं आणि वहिनींनी डिस्कवरच्या लेबलशी ताडून बघितलं. पुन्हा "लिस्ट डिस्क" दिल्यावर निवडलेल्या डिस्कच्या डावीकडे चांदणी दिसते; तीही बघितली. मग "क्लीन ऑल".

नुसतं "क्लीन" आणि "क्लीन ऑल" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. "क्लीन" फक्त भागांची नोंद काढतं, क्षणात संपतं आणि डेटा तसाच राहतो. "क्लीन ऑल" पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत शून्यं लिहितं. मध्ये प्रगती दाखवत नाही. पडदा गप्प असतो, मशिनचा लाल दिवा लुकलुकत राहतो. 1 टीबीच्या डिस्कला तीन तासांच्या आसपास लागतात. अर्ध्यात लाइट गेली आणि यूपीएसनेही मान टाकली. वहिनी घाबरल्या, पण पुसण्यात खंड पडला तर डिस्कचं काही बिघडत नाही, काम फक्त पहिल्यापासून करावं लागतं. मध्ये मात्र अर्धी पुसलेली डिस्क "झाली" समजून कुणी उचलू नये, म्हणून प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी चिकटवली होती: "पुसायची" किंवा "पुसून तपासली".

240 जीबीच्या एसएसडीला हा मार्ग चालत नाही. एसएसडी आपल्या चिप सारख्या झिजाव्यात म्हणून मजकूर सतत नव्या जागी लिहिते आणि काही जागा वापरणाऱ्याला न दाखवता राखून ठेवते. वरून शून्यं लिहिली तरी राखीव जागेतले जुने तुकडे राहू शकतात. त्यासाठी ड्राइव्हच्याच कंट्रोलरला "सगळं पुस" म्हणून सांगणारी सिक्युअर इरेज आज्ञा असते. या मशिनच्या बायोसमध्ये ती सोय नव्हती. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून एचडीपार्म वापरलं, तर ड्राइव्ह "फ्रोझन" म्हणून आज्ञा घेईना; मशिन झोपवून परत जागं केल्यावर घेतली. मिनिटाभरात काम झालं. ड्राइव्ह थेट मदरबोर्डला जोडलेला हवा, यूएसबीच्या डबीतून ही आज्ञा बऱ्याचदा पोचतच नाही.

उलट बाजूही सांगतो. दादांची "जुनी कामं" एसएसडीवर असती, तर ती परत मिळाली नसती. एसएसडीवर क्विक फॉरमॅट मारला की विंडोज ड्राइव्हला ट्रिमची, म्हणजे या जागा आता नको आहेत अशी, सूचना देतं आणि ड्राइव्ह त्या जागा स्वतःच रिकाम्या करू लागतो. हार्ड डिस्कवर मिळतं म्हणून एसएसडीवरही मिळेल, या भरवशावर राहू नये.

टकटक करणाऱ्या डिस्कच्या स्मार्ट नोंदीत (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बदललेल्या आणि वाचता न येणाऱ्या सेक्टरांचे आकडे वाढलेले होते. डिस्क खराब सेक्टर बाजूला काढून दुसरी जागा वापरते. त्या बाजूला काढलेल्या जागेवर जुना मजकूर असू शकतो आणि शून्यं तिथे पोचत नाहीत. बेळगावच्या उद्यमबागेतल्या ओळखीच्या मशिन शॉपमध्ये ती डिस्क शिकंज्यात धरून आरपार भोकं पाडली. आतल्या आरशासारख्या गोल चकत्यांतून भोक गेलं की नाही हे बघूनच थांबलो. वरच्या सर्किटच्या पाटीत भोक पाडून काही होत नाही. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये चकत्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि फुटून उडतात, तेव्हा डोळ्यांना चष्मा हवाच. उरलेला डबा ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे दिला.

एक जागा जवळजवळ सर्वांच्या नजरेतून सुटते. फोटोरेकने काढलेल्या फायली आणि डिस्कची अख्खी प्रतिमा एक्स्टर्नल डिस्कवर होती, म्हणजे लोकांच्या आधार कार्डांची आणखी एक प्रत आम्ही स्वतःच तयार केली होती. कोरलच्या फायली निवडून नव्या मशिनवर घेतल्या, उघडून बघितल्या आणि मग ती एक्स्टर्नल डिस्कही "क्लीन ऑल" केली. तिच्यावरचे फोटो आणि पीडीएफ चाळत बसायचं नाही, असं वहिनींनी सुरुवातीलाच बजावलं होतं. ते योग्यच होतं.

निष्पत्ती

पुसलेल्या प्रत्येक डिस्कवर पुन्हा फोटोरेक चालवलं. एकही फाइल निघाली नाही. डिस्कवरचे कच्चे आकडे दाखवणाऱ्या हेक्स व्ह्यूअरमध्ये मधले आणि शेवटचे काही सेक्टर उघडून बघितले, सगळीकडे शून्य. शाळेच्या दोन्ही मशिनांवर लिनक्स मिंट टाकलं. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच, आणि भाच्याने व्हिडिओही परत भरले. व्यापाऱ्याने तिसरं मशिन डिस्कसकट घेतलं. त्यावर विंडोज नाही याची त्याला फिकीर नव्हती.

दादांच्या बहुतेक कोरल फायली मिळाल्या. व्हिडिओंच्या 6 जीबीखाली ज्या दबल्या त्या गेल्या, आणि काही अर्धवट निघाल्या. नावं गेल्याने एकेक फाइल उघडून नाव देण्याचं काम भाचा सुट्टीभर करत होता. कुणी सांगितलं नव्हतं, तोच बसला. धाकट्या मुलीची पत्रिका मोठीच्या साच्यावर वेळेत छापून गेली.

काय वेगळं करता आलं असतं

"सगळं कॉपी केलंय ना" या प्रश्नाला "हो" हे उत्तर घ्यायचं नसतं. प्रश्न असा हवा: डी ड्राइव्हवर काय होतं, आणि ते आता कुठे उघडून दाखवता? दोघांनी ड्राइव्हनिहाय कागदावर यादी केली असती तर "जुनी कामं" अर्ध्या मिनिटात लक्षात आली असती.

नवी मशिनं विंडोज 11 ची आहेत. त्यांच्यावर पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्शन चालू ठेवलं आहे. यापुढे एखादी डिस्क बिघडून हातातून गेली, पुसायची संधीच मिळाली नाही, तरी किल्लीशिवाय तिच्यावरचं काही वाचता येणार नाही. रिकव्हरी की कागदावर छापून दुकानात नव्हे, घरच्या कपाटात ठेवली आहे. ती हरवली तर स्वतःचाच डेटा जातो. जुन्या मशिनवर हे सुरुवातीपासून असतं, तर पुसण्याचं अर्धं काम वाचलं असतं.

स्कॅन साठवूच नयेत, हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो. शक्य तिथे वहिनी आता शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क केलेलं आधार मागतात. अर्ज भरला की स्कॅन काढून टाकतात, आणि डिस्क एन्क्रिप्टेड व एसएसडी असल्याने डिलीटला आता थोडा अर्थ आहे. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या 2023 च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. काम संपल्यावर माहिती न ठेवण्याची जबाबदारी टप्प्याटप्प्याने लागू होते आहे. कायद्याने सांगितलं म्हणून नव्हे, काकूंचं चित्र बघितलं म्हणून वहिनींनी हे धरलं.

एक गाठ मात्र सुटली नाही. काही वर्षांपूर्वी याच दुकानातलं एक मशिन क्विक फॉरमॅट मारून विकलं गेलं होतं. ती डिस्क आता कुठे आहे हे कळायला मार्ग नाही. गिऱ्हाइकांना सांगायचं की नाही यावर दोघांचं बरंच बोलणं झालं. लोक घाबरतील, दुकानावरचा विश्वास जाईल, ही दादांची भीती. वहिनींचं म्हणणं, ज्यांची कागदपत्रं त्यांना कळायला हवं. माझं मत वहिनींच्या बाजूचं होतं आणि मी ते सांगितलं. त्या काळात वापरलेल्या ईमेल आणि पोर्टलचे पासवर्ड बदलले. काउंटरवर मराठी आणि कन्नडमध्ये एक कागद लावला आहे: आधारचं बायोमेट्रिक लॉक एमआधार ॲपमधून करता येतं, म्हणजे अंगठ्यावर कुणी पैसे काढू शकत नाही, दुकानात करून मिळेल, पैसे लागणार नाहीत. जुनी गिऱ्हाइकं येतात तशी वहिनी एकेकाला कारण सांगून लॉक लावून देतात.